आवडता बँड बदलला तर ऐकावं कसं, भांडावं कसं

मी डोंबिवलीत ड्रमचे क्लास घेते. रविवारी संध्याकाळची शेवटची बॅच सुटली की तिथेच बसून एक अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायचा, असा गेली काही वर्षं आमचा नेम आहे. सात-आठ जण असतात. विद्यार्थी, त्यांचे मित्रमैत्रिणी आणि माझा दादा. दादा पन्नाशीला टेकलाय, पण मेटॅलिका या अमेरिकन हेवी मेटल बँडचा विषय निघाला की आवाज अजून कॉलेजात असल्यासारखा चढतो.

मागच्या महिन्यात त्यांचाच 'लोड' लावला होता. तिसरं गाणं चालू असताना अकरावीतला एक मुलगा म्हणाला, "ताई, या अल्बमपासूनच हे लोक विकले गेले ना?" म्हणजे पैशासाठी आपलं संगीत सोडलं, असा आरोप.

हे वाक्य मी आमच्या घरात पहिल्यांदा ऐकलं ते १९९६ च्या पावसाळ्यात. 'लोड' जूनमध्ये आला होता. दादाने पैसे साठवून कॅसेट आणली, आतला कागद उलगडला, चौघांचे केस कापलेले फोटो पाहिले आणि कॅसेट लावायच्या आधीच म्हणाला, "संपलं. विकले गेले." त्याचा जिवलग मित्र रोज संध्याकाळी आमच्या गॅलरीत येऊन बसायचा. त्याला अल्बम आवडला. तीन संध्याकाळी दोघं तावातावाने भांडले आणि चौथ्या दिवसापासून मित्र यायचा बंद झाला, तो जवळजवळ वर्षभर. मी तेव्हा दहावीत होते, ते भांडण मी अथपासून इतिपर्यंत ऐकलं. तीन दिवसांत दोघांपैकी एकानेही एखाद्या रिफचं (गिटारवर फिरून येणाऱ्या छोट्या सुरावटीचं), एखाद्या ठेक्याचं, एखाद्या ओळीचं नाव घेतलं नाही. "खरे फॅन", "तुला कळत नाही", "विकले गेले", एवढंच चाललं होतं.

त्याची मला अजून हळहळ वाटते. म्हणून रविवारच्या बैठकीसाठी मी हळूहळू एक पद्धत बसवत गेले, ती इथे लिहिते. उदाहरण मेटॅलिकाचंच घेते. त्यांचं ड्रमिंग मी शिकले, शिकवलं, त्यामुळे काय बदललं ते हाताला माहीत आहे.

तोंड उघडण्याआधी तीनदा ऐका

माझ्या वडिलांनी एकदा मिशी काढली होती. आठवडाभर आम्हाला त्यांचा चेहरा दिसलाच नाही, नसलेली मिशीच दिसत राहिली. बदललेला अल्बम पहिल्यांदा ऐकताना हेच होतं. कानाला जे नाही तेच ऐकू येतं. गिटारचा एकट्याचा तुकडा, म्हणजे सोलो, कुठे गेला, वेग कुठे गेला, जुना आवाज कुठे गेला. म्हणून पहिल्या ऐकण्यावर मत द्यायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे, आणि मी तो कडक पाळायला लावते.

पहिल्यांदा ऐकाल तेव्हा फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि गाणी दिलेल्या क्रमानेच ऐका. 'लोड' जवळजवळ ७९ मिनिटांचा आहे, एका बैठकीत झेपत नसेल तर मध्ये चहा करा, पण गाणी उलटीपालटी करू नका. दोन दिवस जाऊ द्या. दुसऱ्यांदा एकच वाद्य धरून बसा, बेस (खालच्या सुरांची गिटार) म्हणजे फक्त बेस. तिसऱ्यांदा गाण्याचे शब्द हातात घ्या. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकलेलं मी धरत नाही. संथ आणि जड गाण्यांचा सगळा भार खालच्या सुरांत असतो, आणि नेमके तेच तिथे गायब होतात.

शब्द वाचण्याचा फायदा 'लोड'मध्ये मला स्वतःला झाला. गायक-गिटारिस्ट जेम्स हेटफिल्डची आई तो १६ वर्षांचा असताना कॅन्सरने गेली. 'अनटिल इट स्लीप्स' आणि 'मामा सेड' ही गाणी ते माहीत असताना वाचली की कळतं, हा माणूस जुन्या गाण्यांमधलं युद्ध आणि न्यायालय सोडून घरात शिरलाय. आवाज खाली का आलाय याचं एक उत्तर तिथे आहे. 'मामा सेड'चं कंट्री वळण तरीही मला रुचत नाही, पण आता ते का रुचत नाही हे मला सांगता येतं. त्यातले ड्रम गाण्याला धरून नुसते चालत राहतात, काही बोलत नाहीत.

प्रत्येकाला विचारा: तू कुठल्या अल्बमपासून?

बैठक सुरू होताना मी फळ्यावर प्रत्येकाचं नाव आणि त्यापुढे त्याने ऐकलेला पहिला अल्बम लिहिते. दादा: १९८८ चा 'अँड जस्टिस फॉर ऑल'. अकरावीतला मुलगा: 'मास्टर ऑफ पपेट्स', कारण २०२२ मध्ये 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेत ते गाणं वाजलं आणि त्याच्या पिढीला हा बँड कळला. एक मुलगी आहे, तिची आई स्वयंपाक करताना ब्लॅक अल्बम (१९९१ चा, काळ्या मुखपृष्ठाचा) लावायची, त्यामुळे तिच्या लेखी मेटॅलिका म्हणजे तोच. हे फळ्यावर आलं की अर्धी धुसफुस तिथेच विरते. ज्याला आपण 'मूळ' म्हणतो तो बहुतेक वेळा आपण आत शिरलो तो दरवाजा असतो.

मग मी तारखा लिहिते. १९८४ मध्ये दुसऱ्याच अल्बमवर 'फेड टू ब्लॅक' आलं, त्याची सुरुवात अकूस्टिक गिटारवर होती, आणि थ्रॅशच्या, म्हणजे अतिवेगवान मेटलच्या, कट्टर चाहत्यांनी तेव्हाच ओरड केली होती. म्हणजे 'विकले गेले'चा आरोप 'लोड'पेक्षा बारा वर्षांनी मोठा आहे. २७ सप्टेंबर १९८६ ला स्वीडनमध्ये बस उलटून बेसिस्ट क्लिफ बर्टन गेला. त्यानंतरचं काहीच मेटॅलिका नाही, असं मानणारे आजही आहेत, आणि त्यांच्याशी वाद घालताना मी जपून बोलते, कारण तिथे शोक आहे. १९८९ मध्ये 'वन'चा व्हिडिओ केला, बँडचा पहिलाच, तेव्हा पुन्हा गदारोळ. १२ ऑगस्ट १९९१ ला ब्लॅक अल्बम. १९९६ ला 'लोड', १९९७ ला 'रीलोड', २००३ ला 'सेंट अँगर'. एवढी यादी समोर आली की "कधी बदलले?" या प्रश्नाला एक तारीख देणं कुणालाच जमत नाही.

बदल बोटाने दाखवा

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि इथे घाई करू नका. "मऊ झाले", "कमर्शियल झाले" असं कुणी म्हटलं की मी विचारते, कुठे? कितव्या मिनिटाला? कुठल्या वाद्यात?

'जस्टिस' आणि ब्लॅक अल्बम शेजारी शेजारी ठेवा. 'जस्टिस'मध्ये ९ गाणी ६५ मिनिटांत, ब्लॅक अल्बममध्ये १२ गाणी साधारण ६२ मिनिटांत. एका गाण्याला मिळणारी जागाच आक्रसली. 'जस्टिस'चं शीर्षकगीत पावणेदहा मिनिटांचं आहे, 'एंटर सँडमन' साडेपाच मिनिटांचं. आता मांडीवर ठेका धरा. 'मास्टर ऑफ पपेट्स'ची लय मिनिटाला २०० ठोक्यांच्या वर पळते, 'एंटर सँडमन' १२३ च्या आसपास चालतं, 'सॅड बट ट्रू' तर ९० च्या घरात येतं. त्यात 'सॅड बट ट्रू'साठी गिटारी एक पूर्ण सूर खाली उतरवल्या आहेत. वेग आणि पट्टी दोन्ही खाली, म्हणून ते गाणं हत्तीसारखं वाटतं. "मऊ झाले" म्हणणाऱ्याला मी हे गाणं मोठ्या आवाजात ऐकवते आणि मग तो शब्द स्वतःच बदलतो. "संथ झाले" म्हणतो. ते खरं आहे, आणि त्यावर बोलता येतं.

पुढे बेस ऐका. 'जस्टिस'मध्ये बर्टननंतर आलेल्या जेसन न्यूस्टेडचा बेस मिक्समध्ये (सगळी वाद्यं एकत्र जुळवताना) जवळजवळ गाडून टाकलाय, हेडफोन लावूनही शोधावा लागतो. ब्लॅक अल्बममध्ये तो छातीत बसतो. निर्माता बदलला होता. बॉब रॉकने चौघांना स्टुडिओत एकत्र वाजवायला लावलं, एरवी ते आपापले भाग वेगवेगळे रेकॉर्ड करत. किकचा, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा, आवाजही ऐका. 'जस्टिस'मध्ये टाइपरायटरसारखा कोरडा टकटक, इथे खोलीभर घुमणारा.

'लोड'मध्ये गिटारींकडे कान द्या. तोवर मेटॅलिकाच्या अल्बमवरची सगळी रिदम गिटार, म्हणजे गाण्याला आधार देणारी गिटार, एकटा हेटफिल्ड वाजवत आला होता, थर चढवून. हात वरून खाली, वरून खाली, यंत्रासारखा. 'लोड'वर दुसऱ्या गिटारिस्टने, कर्क हॅमेटनेही रिदम वाजवली. दोन माणसांचे दोन हात आले, तशी ती भिंत सैल झाली आणि मध्ये हवा खेळायला लागली. दादाला १९९६ मध्ये जे खटकलं होतं ते हेच असणार, असं मला वाटतं. त्याला ते सांगता आलं नाही, म्हणून तो केसांवर घसरला.

केसांबद्दलही बोला, पण वेगळं बोला. फोटो अँटन कॉर्बाइनचे, मुखपृष्ठ आंद्रेस सेरानोच्या छायाचित्राचं, लोगो बदललेला. अठरा-वीस वर्षांच्या मुलासाठी लांब केस आणि काळा टी-शर्ट ही साधी गोष्ट नव्हती. घरच्यांशी भांडून ते मिळवलेलं होतं. बँडनेच केस कापल्यावर त्याला एकटं पडल्यासारखं वाटलं असेल तर ते दुःख खरं आहे. फक्त ते 'लोड'मधल्या एखाद्या रिफवर ढकलू नका. आम्ही फळ्याचा एक कोपरा 'रूप' म्हणून राखतो आणि असे मुद्दे तिथे लिहितो.

स्नेअरचा खटका

'सेंट अँगर'वर वाद झाला की मी बोलत नाही, ड्रमपाशी जाते. स्नेअर ड्रमच्या खालच्या पानाला लागून स्टीलच्या वळणदार तारांची एक पट्टी ताणलेली असते. माझ्या चौदा इंची स्नेअरला अशा वीस तारा आहेत. बाजूला एक खटका असतो. खटका वर असताना काठी मारली की तारा पानावर थरथरतात आणि आपल्या ओळखीचा 'छाट' असा आवाज येतो. खटका पाडला की तारा सुटतात, आणि उरतो नुसता 'टँग'. आधी वर ठेवून चार ठोके, मग पाडून चार ठोके. मुलं लगेच ओरडतात, "हाच तो!" त्या अल्बमवर बँडचा ड्रमर लार्स उलरिकने तारा सोडूनच वाजवलंय. लोक ज्याला डबा म्हणतात, पिंप म्हणतात, तो आवाज एवढ्याशा खटक्याने बदलतो.

मग त्याच अल्बममधलं 'फ्रँटिक' पुन्हा लावते. कुणाला आवडू लागतं, कुणाला नाही, पण आता सगळे एकाच गोष्टीबद्दल बोलत असतात. तो अल्बम कसा झाला हेही सांगते. जानेवारी २००१ मध्ये न्यूस्टेड बाहेर पडला, त्याच वर्षी हेटफिल्ड दारू सोडण्यासाठी उपचाराला गेला, काम थांबलं, अल्बमवरचा बेस शेवटी बॉब रॉकने वाजवला. कारण कळलं म्हणून आवाज आवडायलाच हवा असं नाही. माझं मत विचाराल तर स्नेअर मला चालतो. मला खुपते ती लांबी. ११ गाणी, ७५ मिनिटं, एकही गाणं पाच मिनिटांच्या आत नाही, एकही सोलो नाही, आणि तीच रिफ फिरून फिरून येते. कुणीतरी कात्री घेऊन बसायला हवं होतं.

म्हणून तिसरं विचारा: तक्रार रचनेची आहे, वादनाची आहे की ध्वनिमुद्रणाची? २००८ चा 'डेथ मॅग्नेटिक' हे याचं फार चांगलं उदाहरण. वेग परत आला, सोलो परत आले, जुने चाहते खूश व्हायला हवे होते. पण आवाज इतका दाबून चढवला होता की जोरकस जागी तो फाटायचा. तीच गाणी 'गिटार हिरो' या व्हिडिओ गेममध्ये कमी दाबलेल्या रूपात होती. चाहत्यांनी दोन्ही शेजारी ठेवली, फरक कानाला ऐकवला, नव्याने मिक्स करा म्हणून सह्याही गोळा केल्या. चाहत्यांचा वाद असा असावा. त्यात कुणी कुणाला खोटा फॅन म्हटलं नाही, सगळ्यांनी एकच जागा ऐकली.

पैशाचा मुद्दा आला तर

तो येणारच. ब्लॅक अल्बम एकट्या अमेरिकेत दीड कोटीहून जास्त खपला, तेव्हा नाकारण्यात अर्थ नाही. पण हेतू कानाला ऐकू येत नाही, हे मी मुलांना सांगते. ऐकू येतं ते काम. आणि पैशाने सगळं उलगडत असेल तर 'सेंट अँगर' उलगडून दाखवा. रेडिओला न चालणारी आठ-आठ मिनिटांची गाणी कुठला व्यापारी करेल?

संथ होण्यामागे आणखी एक कारण होतं. 'जस्टिस'च्या दौऱ्यात ती लांबलचक गाणी वाजवताना समोरचे लोक कंटाळलेले दिसले, असं हॅमेटने नंतर सांगितलंय. मला ते पटलं ते बंगळुरूला. ३० ऑक्टोबर २०११, पॅलेस ग्राउंड्स. दादा आणि मी कल्याणहून उद्यान एक्स्प्रेसने गेलो होतो. ब्लॅक अल्बमबद्दल दादाचं मत तोवर ठरलेलं होतं: "चांगला आहे, पण मेटॅलिका नाही." उघड्या मैदानात वेगवान गाण्यांचे ठोके एकमेकांत मिसळत होते, किक कुठली आणि प्रतिध्वनी कुठला कळेना. 'सॅड बट ट्रू' सुरू झालं आणि प्रत्येक ठोका पायाखालून वर आला. दोन ठोक्यांमध्ये जागा होती, म्हणून हजारो लोकांची मान एकत्र हलली. पुढे 'नथिंग एल्स मॅटर्स'ला दादा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत गात होता. त्याला सगळे शब्द पाठ होते. म्हणजे वीस वर्षं घरी हेडफोन लावून तो काय ऐकत होता ते मला तिथे समजलं. मी काही बोलले नाही. तुम्हीही अशा वेळी बोलू नका.

शक्य असेल तर नव्या अल्बमची गाणी एकदा प्रत्यक्ष ऐकून मग मत पक्कं करा. ते नसेल जमत तर मैफलीचं रेकॉर्डिंग तरी.

हीच पद्धत इतर बँडना लावून पाहा. रेडिओहेडने २००० मध्ये 'किड ए'मध्ये गिटारी बाजूला ठेवल्या, ओपेथने २०११ मध्ये 'हेरिटेज'मध्ये गुरगुरता आवाज पूर्ण सोडला, आर्क्टिक मंकीजचा २०१८ चा अल्बम पियानोभोवती उभा राहिला. आपल्या मुंबईचा रॉक मशीन १९९३ मध्ये इंडस क्रीड झाला, तिथे तर नावच बदललं. प्रत्येक ठिकाणी काय गेलं आणि त्या जागी काय आलं, दोन्ही लिहा. बहुतेक लोक पहिली यादी करून थांबतात.

बैठक कशी संपवायची

मत मोजायचं नाही, हात वर करायला लावायचे नाहीत. प्रत्येकाने अल्बममधली एकच जागा सांगायची, गाणं, मिनिट आणि सेकंदासकट, जी त्याला पुन्हा ऐकायची आहे. नावडलेली सांगितली तरी चालेल. मग त्या जागा एकेक करून वाजवायच्या.

मागच्या महिन्यात 'लोड'च्या बैठकीत दादाने शेवटचं गाणं मागितलं, 'द आउटलॉ टॉर्न', नवव्या मिनिटापासून पुढे. तो भाग वाजला, गाणं विरत गेलं. तेव्हा तो अकरावीतला मुलगा म्हणाला, "काका, हे पूर्ण नाहीये. सीडीत मावत नव्हतं म्हणून साधारण एक मिनिट कापलंय. पूर्ण गाणं नंतर एका सिंगलवर आलं." दादाला हे ठाऊक नव्हतं. १९९६ नंतर बरीच वर्षं त्याने त्यांचं काही विकतच घेतलं नव्हतं. मुलाने फोनवर शोधून पूर्ण गाणं लावलं. जिथे दरवेळी आवाज ओसरतो ती जागा आली, गेली, आणि गिटार चालूच राहिली. दादा स्पीकरकडे बघत होता. संपल्यावर त्याने दोन्ही शेवट पुन्हा एकापाठोपाठ लावायला सांगितले, मुलगा म्हणाला कापलेलाच जास्त घट्ट आहे, दादा म्हणाला नाही, आणि क्लासला कुलूप लावायला साडेनऊ वाजले.